बऱ्हाणपूरची बंदूक, मोहाची फुलं आणि नाशिकची वाईन

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी दोनच जातीचे लोक भेटतात. एक ट्रेकवरून आलेले (पाय धरून चालणारे), आणि दुसरे नाशिकला 'वाईन टूर' करून आलेले (डोकं धरून चालणारे). दुसऱ्या जमातीची संख्या हल्ली फारच वाढली आहे. आमच्या टीममधला एक अस्सल नाशिककर तर या विषयावर इतका बोलतो की स्टँडअप मीटिंग खाली बसून करावी लागते. त्याचा आवडता टोमणा म्हणजे, "तुमच्या जळगावला काय रे? केळी आणि ऊन!"

आता ऊन आहे, नाकारत नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आम्ही लोक हवामानखात्याची बातमी अभिमानाने वाचतो. केळीही आहेत, २०१६ पासून जीआय मानांकनासकट. पण 'दारूच्या बाबतीत खानदेशाला इतिहास नाही' हे मात्र मला काही पटेना. म्हणून मग दोन-तीन वीकेंड वाचनात घातले. जे हाती लागलं ते नाशिकच्या टेस्टिंग रूमपेक्षा बरंच जास्त चढणारं निघालं. तर मंडळी, ग्लास असो वा चहाचा कप, हातात घ्या आणि बसा.

आधी भूगोल. आज आपण खानदेश म्हणतो तो जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा. इंग्रजांच्या काळात हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पण मोगलाईत खानदेशचा सुभा म्हणजे बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात गेलंय, रावेर ओलांडलं की आलंच.

द्राक्षाचं म्हणाल तर 'ऐन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, सुरत आणि नंदुरबार यांच्यामधल्या बागलाण नावाच्या डोंगराळ मुलखाचं वर्णन आहे. साल्हेर-मुल्हेरचे किल्ले तिथे येतातच, पण त्याबरोबर फळांची एक यादीही येते आणि त्या यादीत चक्क द्राक्षं आहेत! (सफरचंदंही आहेत, पण त्यावर आपण नंतर कधीतरी बोलू.) आजचं बागलाण सरकारदरबारी नाशिक जिल्ह्यात आहे, पण पिंपळनेर-साक्रीकडच्या माणसाला विचारा, सटाणा त्याला परकं वाटत नाही. भाषा अहिराणीच. तेव्हा नाशिककर मित्रा, चारशे वर्षांपूर्वीची ही द्राक्षं निम्मी आमची धर.

*

आता बऱ्हाणपूर. १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकी सुलतानांचं राज्य संपलं आणि खानदेश अकबराच्या ताब्यात आला. अकबराने सुभा दिला धाकट्या मुलाला, शहजादा दानियालला, आणि त्याच्या नावावरून खानदेशचं नाव बदलून 'दानदेश' ठेवलं. म्हणजे आपण 'दानदेशी भरीत' म्हणता म्हणता वाचलो.

या दानियालला दारूचं भयंकर व्यसन होतं. त्याचा मधला भाऊ मुराद १५९९ मध्ये दख्खनेतच दारूपायी गेलेला. थोरला सलीम, म्हणजे जहांगीर, त्याने तर स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की एके काळी तो दोनदा गाळलेल्या कडक दारूचे दिवसाला वीस पेले रिचवत असे. अकबराची अवस्था बघा. अख्खा हिंदुस्थान जिंकला, आणि घरात तिन्ही मुलांच्या हातातला पेला काही सुटेना.

शेवटी अकबराने बऱ्हाणपूरला हुकूम पाठवला की शहजाद्याला दारूचा थेंब मिळता कामा नये. अंमलबजावणी कोणाकडे? तर दानियालच्या सासऱ्याकडे. आणि हा सासरा म्हणजे अब्दुल रहीम खानखाना, शाळेत आपण ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम! त्याने पहारे बसवले, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती सुरू केली. थोडक्यात, फायरवॉल टाकली.

आणि फायरवॉल म्हटली की बायपास आलाच. दानियालची एक लाडकी बंदूक होती, तिचं नाव त्याने स्वतःच ठेवलेलं. अर्थ साधारण असा, की जिचा बार लागला तो थेट तिरडीवर. शहजाद्याने एका बंदुकवाल्याला गळ घातली की याच बंदुकीच्या नळीत भरून दारू आण. दारूगोळ्याची दारू जिथे भरायची तिथे प्यायची दारू भरून आली. (मराठीत दोन्हीला एकच शब्द का, याचं कोडं मला तरी इथे सुटल्यासारखं वाटलं!) ती दोनदा गाळलेली जहाल दारू, त्यात नळीतला गंज आणि जळलेल्या दारूची राख. जहांगीर लिहितो की ती पिऊन दानियाल पडला तो उठलाच नाही. साल १६०५. बंदुकीने आपलं नाव सार्थ केलं.

गोष्ट इथेच संपत नाही. दहा वर्षांनी, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीरच्या दरबारी निघाला. वाट खानदेशातूनच जायची, कारण सुरत-बऱ्हाणपूर हा त्या काळचा हमरस्ता. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. आज एसटीच्या पाटीवर दिसणारी ही नावं तेव्हा युरोपियन व्यापाऱ्यांच्या रोजनिशीत वेडीवाकडी होऊन उमटत होती. बऱ्हाणपूरला तेव्हा सुभेदार होता जहांगीरचा मुलगा परवीझ. रोने भेटीदाखल इतर वस्तूंबरोबर दारूच्या बाटल्यांची एक पेटी दिली. शहजादा खूश. दरबार आटोपल्यावर आत निवांत बोलू म्हणाला. रो वाट बघत बसला, आणि मग निरोप आला की आज भेट होणार नाही. का? तर पेटी उघडली गेली होती, शहजादा टुन्न.

हा परवीझही पुढे १६२६ मध्ये बऱ्हाणपूरलाच वारला. कारण बहुतेक जण अतिमद्यपान सांगतात, विषप्रयोगाचीही कुजबुज झाली. म्हणजे वीस-एकवीस वर्षांत एकाच गावात दारूमुळे गेलेले म्हणून दोन शहजादे मोजले जातात. नाशिककराला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसला.

*

पण हा झाला राजवाड्यातला इतिहास. राजांनी काय प्यायलं हे लिहून ठेवायला माणसं पगारावर असतात. सातपुड्यात काय प्यायलं जात होतं ते मात्र झाडांना विचारावं लागतं. ते झाड म्हणजे मोह.

धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात मोहाला जे स्थान आहे ते कोकणात नारळाला. मार्च-एप्रिलमध्ये, शेतात काही नसतं तेव्हा, हा फुलतो. फुलं रात्री-पहाटे गळतात, आणि उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं मऊ, पिवळट आणि गोड. वाळवली की वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, साठवून पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांसाठी ठेवतात. बियांचं तेल निघतं. आणि हो, दारूही निघते.

इंजिनिअर म्हणून सांगतो, पूर्वार्ध तोच आहे. साखर, पाणी, यीस्ट. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायॉक्साइड सोडतं. द्राक्षात हे केलं आणि तिथेच थांबलं की वाईन, साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल. मोहाची फुलं भिजत घातली, काही दिवस आंबू दिली, आणि मग मडक्यात उकळून वाफ गार केली की पहिल्या धारेची. फरक इतकाच की वाईन आंबवलेली असते आणि मोहाची गाळलेली. म्हणजे तुलना करायचीच तर मोहाचा खरा भाऊ शार्डोने नव्हे, द्राक्षापासून गाळलेली ब्रँडी.

भिल्ल, पावरा, कोकणी, मावची समाजात ही दारू नुसती नशेची गोष्ट नव्हती. जन्म, लग्न, मरण, पेरणी, होळी, सगळीकडे पहिली धार देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. आपल्याकडे सत्यनारायणाला जसा शिरा, तसं. शिऱ्याचाही अतिरेक होतो म्हणा, पण म्हणून शिऱ्यावर कुणी कायदा केला नाही.

मोहावर केला. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. भिल्लांना काबूत आणण्यासाठी १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल कोअर उभी राहिली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण डोंगरातल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात खरा हात घातला तो १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने. 'आबकारी' शब्दात फारसी 'आब' आहे, म्हणजे पाणी. सरकारने या पाण्यावर मीटर बसवला. गावोगावच्या भट्ट्या बेकायदा, दारू गाळायची ती मध्यवर्ती डिस्टिलरीत, तिच्यावर जोरानुसार गॅलनमागे कर, आणि विकायची ती लिलावात दुकान घेतलेल्या ठेकेदाराने. घरच्या झाडाच्या फुलाची घरी काढलेली दारू एका सहीने गुन्हा झाली, आणि तीच दारू दुकानातून रोख किंवा उधार घेतली की महसूल! १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास 'म्हौरा कायदा' आला. तिथे नुसती मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं. हे गरिबांचं अन्न आहे, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला. पण महसुलापुढे कोण ऐकतो?

इथे सरकारचा हेतू दारू कमी करण्याचा होता असं समजू नका. हेतू होता ती एका नळातून वाहवण्याचा, कारण नळ एकच असला की टोल घेता येतो. आणि नळाच्या तोंडाशी बसलेला दुकानदार हळूहळू सावकार झाला. उधारी वाढली, जमिनी गेल्या, आणि ज्याची जमीन गेली तो त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबू लागला. सालदार हा शब्द खानदेशात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

*

आता इथे मला वाटलं होतं की गोष्ट सोपी आहे. बिचारे आदिवासी, दुष्ट कायदा, मोहाची दारू म्हणजे संस्कृती, झिंदाबाद. पण त्याच आदिवासींनी पुढे काय केलं ते वाचलं की ही सोपी गोष्ट मोडते.

१९२२-२३ मध्ये किनाऱ्याकडून डांग-सुरतच्या डोंगरात 'देवी' आली. अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून देवी सांगू लागली, दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, पारशी दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी दारू सोडली. १९३० च्या दशकात तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी 'आप' धर्म सुरू केला. एकमेकांना भेटलं की 'आप की जय', सोमवारी आरती, आणि दारू बंद. १९३८ मध्ये ते वारले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ते काम चालवलं. म्हणजे दारू सोडणं हे पांढरपेशा सुधारकांनी वरून लादलेलं नव्हतं. उधारीचा फास कुठून सुरू होतो हे डोंगरातल्या माणसाला पक्कं कळलं होतं, आणि दुकानाची वाट बंद करणं हे त्याचं हत्यार होतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी. (तोच कायदा आजही आपल्याकडे लागू आहे, नाव तेवढं बदललं. बारमध्ये बसलेल्या प्रत्येकाकडे कागदोपत्री परवाना असावा लागतो तो त्याच्यामुळे.) बंदी साठच्या दशकात सैल होत गेली. पण डोंगरात बंदीचा अर्थ एवढाच झाला की भट्टी लपून लागू लागली, आणि लपून लागणाऱ्या भट्टीला हप्ता लागतो. पुन्हा नळ, पुन्हा टोल. फक्त पावती नाही.

आणि मग १९७२-७३ चं शहादा. माझे एक मामा तिकडे शिक्षक होते, त्यांच्याकडून लहानपणी 'अंबरसिंग महाराज' हे नाव ऐकलेलं, पण तेव्हा मला ते कुणी बुवा वाटायचे. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले कार्यकर्ते. शहादा-तळोदा भागात आदिवासींच्या गेलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी यावर त्यांनी माणसं उभी केली. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला गोळीबार झाला, एक आदिवासी मेला, आणि आंदोलन पेटलं. १९७२ मध्ये शहरांतून आलेली शिकलेली तरुण पोरं आणि स्थानिक कार्यकर्ते मिळून श्रमिक संघटना झाली.

दुष्काळाचे दिवस. संघटनेच्या शिबिरात बायकांना बोलायला सांगितलं. अपेक्षा होती की त्या मजुरीवर बोलतील, जमिनीवर बोलतील. त्या बोलल्या नवऱ्याच्या दारूवर आणि मारावर. आणि नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. उठल्या, मोर्चाने गुत्त्यावर गेल्या, आणि दारूची मडकी फोडली. मग दुसऱ्या गावात, मग तिसऱ्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. पुढची एक-दोन वर्षं या भागात ही मोहीम चालली.

मामांना मी मागच्या दिवाळीत विचारलं, "मामा, ती मडकी तर त्यांच्याच लोकांची होती ना? संस्कृतीच की ती." मामा म्हणाले, "भाचेबुवा, पहिली धार देवाला हे खरं. पण शेवटची धार कोणाच्या पाठीवर उतरत होती ते त्या बायांना विचार." यावर मी काय बोलणार? मुकाट चिवडा खाल्ला.

गंमत (की दैवदुर्विलास?) बघा. त्याच सुमाराला, १९७३ मध्ये, 'महाराष्ट्र देशी मद्य नियम' आले. इकडे बायका मडकी फोडत होत्या, आणि तिकडे मळीपासून बनवलेली 'देशी' परवान्याच्या दुकानातून रीतसर विकण्याचा रस्ता पक्का होत होता. मोहाचं मडकं फुटलं ते चांगलंच झालं म्हणा, पण त्या जागी बाटली येऊन बसली. पुढे बाटलीविरुद्धही बायकाच लढल्या. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त महिलांनी 'आडवी बाटली'ला कौल दिला तर दुकान बंद.

*

आता एवढ्या पार्श्वभूमीवर नाशिक बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

१९८० च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावला शँपेनच्या धर्तीवर फेसाळ वाईन करून दाखवली आणि ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली. मग राजीव सामंत. स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग, ओरॅकलमध्ये नोकरी, ती सोडून थेट नाशिकची शेती. (प्रत्येक आयटीवाल्याचं शुक्रवार संध्याकाळचं स्वप्न!) १९९७ ला वेली लावल्या, २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात, २००५ ला टेस्टिंग रूम, २००८ ला सुलाफेस्ट.

नाशिकलाच का? कारण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची. जळगाव दोनशे-सव्वादोनशेवर. हिवाळ्यात नाशिकच्या रात्री गार पडतात, त्यामुळे घडात साखर भरताना आंबटपणा टिकून राहतो, आणि आंबटपणा नसेल तर वाईन म्हणजे नुसतं सरबत. एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून कात्रीने तिला वेळापत्रक शिकवावं लागतं.

पण उंची आणि थंडीइतकंच महत्त्वाचं होतं ते एक कागदाचं पान. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्कात १०० टक्के सूट. नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क. पुढे २० टक्के व्हॅट लावला, पण त्यातला १६ टक्के वायनरीला परत मिळण्याची योजना आली. धडाधड वायनऱ्या उभ्या राहिल्या, २००८ च्या मंदीत आणि मुंबई हल्ल्यानंतर कित्येक आपटल्या, शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून खायची द्राक्षं लावली, नारायणगावचा तो पहिला मोठा उद्योगही कोसळला. जे टिकले ते वाढले. २०१३ मध्ये दिंडोरीला फ्रेंच शांदों आली, २०२२ च्या डिसेंबरात सुला शेअर बाजारात उतरली. २०२२ च्या जानेवारीत तर मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. युक्तिवाद एकच, वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतमालावरची प्रक्रिया आहे, शेतकऱ्याचं भलं आहे. विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही.

हा युक्तिवाद मला मान्य आहे. खरंच. फक्त माझा प्रश्न एवढाच की मोहाचं फूल शेतमाल नाही तर काय आहे? द्राक्षाला पाणी लागतं, औषधं लागतात, मांडव लागतो, कर्ज लागतं. मोहाला काही लागत नाही. तो दुष्काळातही फुलतो. तरीही द्राक्षाचा रस आंबला की 'पर्यटन' आणि मोहाचं फूल आंबलं की 'मुद्देमाल'. एकाच राज्यात, एकाच १९४९ च्या कायद्याखाली. धुळ्याहून नाशिक १६० किलोमीटर आहे. तीन तासांत शब्द बदलतो.

अलीकडे थोडं हललंय. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहतूक यावरचे निर्बंध काढले. दारू गाळणं अजून गुन्हाच आहे. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशने मात्र 'हेरिटेज' मद्य धोरण आणलं, आणि २०२३ मध्ये नंदुरबारच्या शेजारच्या अलीराजपूरमधून आदिवासी बचतगटाची 'मोंड' नावाची मोहाची दारू रीतसर बाटलीत बाजारात आली. गोव्यात त्याआधीच, २०१८ मध्ये, 'डेस्मंडजी' मोहा आलेली. पश्चिमेला गुजरात आहे, तिथे मुळात सगळंच बंद. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोन कायदे! एका झाडाच्या फुलाला पन्नास-शंभर किलोमीटरच्या परिघात तीन राज्यांत तीन वेगवेगळे अर्थ. असा कोड मी लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये नापास झाला असता.

मग काय, धडगावलाही टेस्टिंग रूम काढायची? इथे मला शहाद्याच्या बायका आठवतात आणि मी 'हो' म्हणायला थबकतो. उद्या मोहाची दारू कायदेशीर झाली, आणि लिलावात ठेका घेऊन कुणी पुण्या-मुंबईची कंपनी आली, तर आपण १८७८ ला परत पोचलो की! नळ त्यांचा, फूल आदिवासींचं, आणि मार पुन्हा बायकांना. म्हणून माझ्या मते निर्णय पर्यटन खात्याचा नाही आणि आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांचा तर मुळीच नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार दिलाय. अक्राणी, अक्कलकुवा आहेतच, पण शिरपूर-साक्रीतली आणि आमच्या जळगावच्या चोपडा-यावल-रावेरमधली गावंही त्यात येतात. त्या ग्रामसभेत बायका बसू देत, बोलू देत, आणि त्या म्हणतील तसं. त्यांना बाटली उभी हवी असेल तर नफा त्यांच्या बचतगटाला, आडवी हवी असेल तर विषय संपला.

असो. फार गंभीर झालं. नाशिकला जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला हिवाळ्यातल्या संध्याकाळी बसून ग्लास फिरवण्यात मजा आहेच, आणि मी ती घेतोही. एक खानदेशी टीप फुकट देतो. शेवभाजी किंवा भरीत-कळण्याची भाकरी यांच्याबरोबर टॅनिनवाली लाल वाईन घेऊ नका, तिखट दुप्पट झोंबतं. किंचित गोडसर चेनिन ब्लाँ घ्या, जिभेला जरा सावली मिळते.

पण पुढच्या वेळी तीन दिवसांची सुट्टी जोडून आली तर गाडी नाशिकवरून तशीच पुढे घ्या. धुळे, मग तापीकाठचं थाळनेर, तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत आणि बघायला कुणी नसतं. चोपडा, यावल, रावेर करत बऱ्हाणपूर. किल्ल्यातून तापी बघा. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच गेली हे गाईड सांगेलच, दानियालचं बहुधा तुम्हालाच त्याला सांगावं लागेल. आणि मार्च-एप्रिल असेल तर सातपुड्याच्या पायथ्याशी पहाटे काच खाली करा. मोहाचा वास येतो, गोड आणि जरासा उग्र. झाडाखाली टोपली घेऊन कुणी मावशी वेचत असेल तर फोटो काढायच्या आधी विचारा, आणि वाळलेली फुलं विकत असेल तर किलोभर घ्या. घासाघीस न करता.